मामीच्या कादंबरीचा महिना

माझी मामी पडदे शिवते. कुणी विचारलं तर ती "शिवणकाम करते" असं मोघम सांगत नाही, "पडदे" असं स्पष्ट सांगते. तिच्या मते कपडे शिवणारं माणूस वेगळं आणि पडदे शिवणारं वेगळं. कपड्याला माणसाचं अंग सांभाळून घेतं. पडद्याला कुणी सांभाळून घेत नाही. खालची दुमड बोटभर तिरकी गेली तरी ती रोज सकाळी घरच्यांच्या डोळ्यांत खुपते.

ज्या दुकानात ती काम करते त्याच्या मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल, दोन मशिनी आणि छताला भिडलेले तागे आहेत. नव्या कापडाला एक कोरडी धूळ असते, तिच्यामुळे मामीचं नाक बारा महिने चोंदलेलं. पूर्वी खिडक्यांची मापं घ्यायला आणि रॉड बसवायला वेगळा माणूस होता. तो सोडून गेला, मालकांनी दुसरा काही ठेवला नाही, आणि कुणी न सांगताच ते कामही मामीच्या अंगावर पडलं. पन्नाशी उलटल्यावर ती शिडीवर चढायला आणि ड्रिल चालवायला शिकली. गुडघे कुरकुरतात, पण ती कुरकुरत नाही. तेवढाही दम तिच्यात उरत नाही असं माझी आई म्हणते.

आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. आणि मामा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आठ-आठ, दहा-दहा दिवस घराबाहेर. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं ते थांबवलंच. तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी तो रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खोलीत एका खुर्चीत पडून असतो. चार तास रक्त नळीतून बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं. त्या तिन्ही दुपारी मामी त्याच्याबरोबर असते. बदल्यात रविवारी दुकानात जाते. म्हणजे सुट्टी नावाची गोष्ट तिच्या आठवड्यात नाहीच.

आता कादंबरीचं सांगते.

आई निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या वाचनालयाच्या समितीवर आहे. तिला सतत काहीतरी उपक्रम लागतो. एकदा तिनं कुठेतरी वाचलं की लोक महिन्याभरात अख्खी कादंबरी लिहून काढायचं आव्हान घेतात. झालं. लगेच सभा. मी तिला न्यायला गेले तेव्हा सभा रंगात आली होती आणि त्याच हॉलमध्ये, मागच्या खिडकीशी, मामी शिडीवर चढून वाचनालयाचे नवे पडदे बसवत होती.

"पन्नास हजार शब्द," आई सांगत होती. "चांगलं की वाईट, बघायचं नाही. खोडायचं नाही. मागे वळून वाचायचं नाही. फक्त महिना संपायच्या आत कच्चा खर्डा पुरा करायचा. बोला, कुणाकुणाची नावं लिहू?"

खुर्च्या किरकिरल्या. कुणी खोकलं, कुणी पर्समध्ये चष्मा शोधायला लागलं. आईनं स्वतःचं नाव आधीच लिहिलं होतं. मग एक-दोन बायकांनी एकमेकींकडे बघत हात वर केले. तेवढ्यात शिडीवरून आवाज आला.

"माझं लिहा."

सगळ्यांच्या माना वळल्या. मामी दोन्ही हातांनी रॉड धरून उभी होती, तोंडात एक स्क्रू.

"वहिनी, तुमचं काय लिहू?" आईला कळेचना.

मामीनं स्क्रू ओठांच्या कोपऱ्यात सरकवला. "नाव. त्यात माझं नाव लिहा."

"अहो, पण तुम्हाला वेळ कुठे..."

"तो माझा मी बघते."

कुणीतरी हसलं. आईनं नाव लिहिलं, पण आपण तोंडदेखला आग्रह करावा आणि पाहुणा खरंच पाटावर बसावा, तसा तिचा चेहरा झाला होता. परत जाताना मी मामीलाही गाडीत घेतलं आणि विचारलं, "अगं, कसं काय सुचलं तुला?"

"काय माहीत," ती म्हणाली. "दोन्ही हात वर अडकले होते ना. नाहीतर बोलायच्या आधी तोंडावर हात ठेवला असता."

आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले.

शनिवारी मला सुट्टी असते, म्हणून शनिवारच्या डायलिसिसला त्या दोघांना मीच गाडीतून नेते. त्यामुळे त्या महिन्यात काय काय घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं मामीनं सांगितलं, थोडं मामानं.

ती खोली लांबट आहे. दोन्ही भिंतींना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, मशीनवर फिरणारी चाकं. थंडी इतकी की सगळे पेशंट गळ्यापर्यंत ब्लँकेट घेतात, फक्त एक हात बाहेर. त्या हातात दोन जाड सुया. हात हलवायचा नाही, हलला की मशीन बोंब मारतं. मग एक चुणचुणीत मुलगी धावत येते, तिला सगळे छोटी सिस्टर म्हणतात. मामाच्या शेजारच्या खुर्चीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक असतात. ते सगळ्यांचे सर. खुर्चीच्या बाजूला नातेवाइकासाठी एक प्लॅस्टिकचं स्टूल. सहा वर्षं मामी त्या स्टुलावर बसून मशीनवरचे आकडे बघत आली. ते आकडे तिला कळत नाहीत. "पण बघायचं नाही तर बघू कुठे?" असं ती म्हणायची.

आता ती तिथे फोनवर लिहायला लागली. एका अंगठ्यानं. लिहून झालं की मला पाठवायची, मी ते कॉम्प्युटरवर एकाखाली एक जोडायचे आणि शब्द मोजून तिला कळवायचे. पहिल्या दिवशी जे आलं ते वाचून मी उडालेच. कादंबरीची नायिका ट्रक ड्रायव्हर होती. मामीनं लिहिलं होतं, "तिने ट्रक सुरू केला आणि ती निघाली आणि तिने कुणालाच सांगितलं नाही कारण सांगायला कुणीच नव्हतं आणि हे किती बरं होतं आणि रस्ता सरळ होता आणि ती गेली..." असं दोन पानं. पूर्णविराम नाही.

मी फोन केला. "मामी, अगं वाक्य कुठे संपवशील की नाही?"

"ते टिंब सापडत नाही मला," ती म्हणाली. "आणि शोधत बसले तर पुढचं विसरते. तू घाल."

"ट्रक कसा काय सुचला?"

"मग काय पडद्यांवर लिहू? ते रोज करतेच की."

गंमत अशी की ट्रकमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. इतकी वर्षं ट्रक ड्रायव्हरची बायको, पण ट्रकमध्ये बसली होती फक्त दोनदा, तेही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी अडली. नायिका चढणीला लागली आणि पुढे काय करायचं ते मामीला माहीत नव्हतं.

"अहो," तिनं मामाला विचारलं, "चढ आला की काय करतात?"

मामा डोळे मिटून होता. आजारपणात त्याचं बोलणं हळूहळू आटत गेलं होतं. हो, नाही, पाणी दे, आणि डॉक्टरांनी पाण्याचंही मोजमाप ठरवून दिल्यामुळे तेही जपून. त्यानं एक डोळा उघडला.

"कुठला चढ?"

"घाट समजा. ट्रक भरलेला आहे."

"काय भरलंय?"

"काय फरक पडतो?"

"फरक पडतो म्हणजे?" मामानं दुसराही डोळा उघडला. "लोखंड असेल तर गाडी शांत चढते. पाण्याचा टँकर असेल तर वळणावर आतलं पाणी उसळतं, गाडी ढकलल्यासारखी होते. गुरं असतील तर ती एका अंगाला कलतात. काय भरलंयस तू?"

मामीनं क्षणभर विचार केला. "कापूस."

"कापूस!" मामा वैतागला. "कापसाला वजन नसतं, उंची असते. वारा लागतो त्याला. बरं, लिही. पायथ्यालाच खालचा गिअर टाकायचा. अर्ध्या चढावर टाकायला गेलीस तर मेलीस."

शेजारच्या खुर्चीतून सर म्हणाले, "आणि उतरताना?"

"ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं," मामा म्हणाला. "ब्रेकवर उतरतो तो नवशिका."

त्या दुपारी मामा जेवढं बोलला तेवढं तो त्याआधीच्या सहा महिन्यांत बोलला नसेल. टायरवर लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा कशी ओळखतात. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त का दमवते. माल उतरवायला दोन-दोन दिवस रांगेत कसं ताटकळावं लागतं. मामी एका अंगठ्यानं जमेल तेवढं टिपत होती, मधेच म्हणत होती, "थांबा, थांबा, जरा हळू." छोटी सिस्टर म्हणाली, "काका, बोलणं ठीक आहे, हात हलवू नका." कारण मामा बांधलेल्या हातानं गिअर टाकायला निघाला होता.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण मामीची हालत बघवत नव्हती. दिवसभर दुकानात उभं राहायचं, घरी गेल्यावर मामाचं मोजूनमापून जेवण, औषधं, आणि मधे जी फट मिळेल तिच्यात हे. ती बसमध्ये लिहायची, कुकर होईपर्यंत ओट्याला टेकून लिहायची, गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात मालकीणबाई कपाटाच्या किल्ल्या शोधत असताना लिहायची. एकदा तिच्याकडून जे आलं त्यात मजकूर मधेच थांबून पुढे पानभर नुसतं "ममममममम" होतं. मी विचारलं हे काय. म्हणाली, "अंगठा राहिला असेल दाबलेला. झोप लागली."

दुकानात तिनं एका मोठ्या पडद्याला अस्तर उलटं लावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मालक बोलले नाहीत, नुसता पडदा उचलून खिडकीशी धरला आणि परत टेबलावर ठेवला. तिनं ती अख्खी शिवण उसवली. उसवताना मनात नायिकेचं पुढचं वाक्य येत होतं आणि हातात उसवणी होती. "तेव्हा मला रडू आलं गं," असं तिनं नंतर मला सांगितलं. ते ती हसत हसत सांगत होती, पण ते खरं होतं.

आणि मग ती फोनची गोष्ट.

शनिवार होता, मीही तिथेच होते. मामी आता रोज लिहिलेलं मामाला वाचून दाखवायची. हळू आवाजात, पण सर ऐकत असतात हे तिला माहीत होतं. नायिका कुठल्या कुठे पोचली होती. कापूस उतरवला, फरशा भरल्या, फरशा उतरवल्या, आणखी काहीतरी भरलं. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. मामा ऐकत होता. मग म्हणाला, "या बाईला घर नाही का?"

"नाही."

"असं कसं? कुणीतरी असेलच. आई असेल, भाऊ असेल."

"कुणी नाही."

"मग निदान ओळखीचं कुणी. महिनोन्‌महिने बाहेर आहे. एखादा फोन तरी करू दे तिला."

मामीनं फोनवरून नजर न काढता विचारलं, "तुम्ही किती केलेत?"

आवाज चढवला नव्हता. मापाची टेप गुंडाळून ठेवताना ज्या आवाजात आकडा सांगते त्याच आवाजात. सरांनी पटकन डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मशीनची चाकं फिरत होती. मामाला उठून जाता येईना, कूस वळवता येईना, दोन सुया हातात. त्यानं फक्त मान भिंतीकडे फिरवली, ती चार तास संपेपर्यंत तशीच.

त्यानंतरच्या दोन्ही वेळा तो एक अक्षर बोलला नाही. मामीही वाचून दाखवेना. पण तिनं लिहिणं थांबवलं नाही. मी म्हटलं, "मामी, तूच बोल ना काहीतरी." ती म्हणाली, "माझ्यात दोन्हीला ताकद नाही गं. एक तर भांडण मिटवीन नाहीतर आजचं लिहून काढीन."

तिसऱ्या वेळी मामानं स्वतःहून तोंड उघडलं. सुया लागून झाल्या होत्या, ब्लँकेट घातलं होतं. छताकडे बघत म्हणाला, "तिला फोन करू देऊ नकोस."

"कुणाला?"

"तुझ्या त्या बाईला. उगाच काहीतरी. ड्रायव्हर करत नाही फोन. तू लिहिलंयस तेच बरोबर आहे."

मामीनं फोनवर मागचं पान काढलं. मग म्हणाली, "पण मी लिहिलाय."

"काय?"

"फोन. परवाच. तिनं एका ढाब्यावरनं..." मग तिनं सुधारलं, "एका पेट्रोल पंपावरनं केलाय."

"कोण उचलतं?"

"कुणी नाही. नुसता वाजत राहतो."

मामानं विचार केला. "हां," तो म्हणाला. "मग ठीक आहे."

एवढंच. पण त्या दिवशी तिनं पुन्हा वाचून दाखवलं आणि त्यानं डिझेल भरायच्या दोन चुका काढल्या.

महिना उतरणीला लागला होता आणि शब्द बरेच मागे होते. आईचं तर दुसऱ्याच आठवड्यात बारगळलं होतं. तिनं पहिलं प्रकरण चार वेळा खोडून लिहिलं, म्हणजे स्वतःचाच नियम मोडला, आणि मग पाठ दुखायला लागली. ज्या इतर बायका होत्या त्यातल्या बऱ्याचशा गळल्या. अशात एके सकाळी मामीनं नेहमीप्रमाणे मामाच्या मनगटावर बोटं ठेवली.

हे ती सहा वर्षं रोज करते. सुया टोचण्यासाठी डॉक्टरांनी मनगटापाशी एक धमनी आणि एक शीर जोडून फुगीर शीर तयार केलेली असते. ती चालू असली की बोटांना बारीक थरथर लागते, कुठेतरी लांब मशीन चालू असावं तशी. त्या सकाळी काही लागलं नाही. तिनं बोटं सरकवून पाहिली, कान लावून पाहिला. काही नाही. शीर बंद पडली होती.

मग धावपळ. शस्त्रक्रिया करून पाहिली, ती फसली. शेवटी तात्पुरती सोय म्हणून मानेत नळी बसवली आणि दुसऱ्या हातावर नव्यानं शीर जोडायचं ठरलं. जवळजवळ आठवडा मामा रुग्णालयात होता. मामी बाहेरच्या बाकावर. फोन हातात, पण त्यावर फक्त डॉक्टर, दुकान आणि आम्ही. एकही ओळ नाही.

आई डबा घेऊन गेली होती. तिनं मामीच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, सोडा आता ते कादंबरीचं. माझंही झालेलं नाही. कुणी काही म्हणणार नाही तुम्हाला."

मामीनं वर पाहिलं. तिचे डोळे लाल होते, चप्पल एका पायाची भलतीकडेच गेली होती. "वन्सं," ती म्हणाली, "ट्रक घाटात उभा आहे. तसा कसा सोडून देऊ?"

आईनं घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला. मग मला म्हणाली, "मी गंमत म्हणून काढलं होतं गं ते."

मामा परत खुर्चीत आला तेव्हा अगदी गळून गेला होता. पण एक गोष्ट झाली होती. नळी आता मानेत होती, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. सहा वर्षांत पहिल्यांदा तो त्या खुर्चीत दोन्ही हात हलवू शकत होता. मामी स्टुलावर बसून अंगठ्यानं दोन शब्द लिही, डोळे चोळ, दोन शब्द लिही, असं करत होती. मामानं हात पुढे केला.

"आण इकडे. तू सांग, मी लिहितो."

"तुम्हाला येतं?"

"टिंब कुठे आहे ते मला माहीत आहे," मामा म्हणाला.

मग मामी भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून सांगायची आणि मामा एका बोटानं टकटक करत लिहायचा. मला येणारा मजकूर एकदम बदलला. वाक्यं तुटक झाली. जिथे तिथे पूर्णविराम. आणि मधूनच असं काहीतरी यायचं जे मामी जन्मात सांगणार नाही: "तिने मागच्या चाकांचे नट तपासले. डावीकडचा एक ढिला होता. तो आवळला." मी मामीला सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे. त्यांना तेवढंच."

पण एका शनिवारी दुपारी सांगता सांगता तिला गाढ झोप लागली. मामानं तिला उठवलं नाही. पुढचं पान त्यानं स्वतःच लिहिलं आणि मला पाठवूनही दिलं.

त्या पानात नायिका एका गावात शिरते. गल्लीच्या कोपऱ्यावर ट्रक उभा करते, इंजिन बंद करते. गल्लीत तिचं घर आहे, खिडकीतला दिवा दिसतोय. पण ती उतरत नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहते, अर्धा तास तरी. मग उतरते आणि घरी जाते.

मामीला जाग आली तेव्हा तिनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हे चांगलं आहे. पण हे माझं नाही. तिला घर नाहीये."

"मग काढ," मामा म्हणाला. जरासा दुखावला होता. "कादंबरी तुझी."

तिनं पान काढून टाकलं. मलाही काढायला सांगितलं. मग फोन मांडीवर ठेवून विचारलं, "असं करायचात तुम्ही? कोपऱ्यावर गाडी लावून बसून राहायचात?"

"कान वाजत असायचे," मामा म्हणाला. "इतके तास इंजिन ऐकलं की नंतर काही ऐकू येत नाही. तसाच घरात आलो की तू काय बोलतेस ते कळायचं नाही. मग तू चिडायचीस. म्हणून जरा थांबायचो. कान शांत झाले की यायचो."

"मला वाटायचं तुम्ही लक्षच देत नाही."

"ते सुरुवातीला. नंतर थांबायला लागलो."

मामीनं त्याचं ब्लँकेट पायांवरून नीट केलं, कारण त्याच्या पोटरीत गोळा यायला लागला होता, आणि मग ती पोटरी दाबत बसली. मी मशीनकडे बघत होते. त्या खोलीत दुसरीकडे बघायला खरंच काही नाही.

महिना संपला त्या दिवशी मामीचे शब्द पस्तीस हजारांच्या थोडे पुढे होते. शेवट तिनं दुपारी दुकानात, टेबलावर उभ्याउभ्याच लिहिला. घाट संपतो, सपाटी लागते, नायिका रिकामी गाडी कडेला घेते आणि केबिनमध्ये आडवी होते. झोपते. संपलं. मला पाठवल्यावर खाली एक ओळ होती: "आता मला दोन दिवस काही विचारू नकोस."

वाचनालयात समारंभ झाला. पन्नास हजारांचा पल्ला एकाच बाईंनी गाठला होता, त्यांना फुलं मिळाली. मामीला भाग घेतल्याचं प्रमाणपत्र होतं. ती गेली नाही. त्या संध्याकाळी एका वसतिगृहाच्या खिडक्यांची मापं घ्यायची होती आणि खिडक्या पुष्कळ होत्या. प्रमाणपत्र आईनं आणून दिलं.

आईनंच मग माझ्याकडून सगळा मजकूर घेतला, पूर्णविरामांसकट छापून काढला, एका दुकानातून बाइंडिंग करून घेतलं. बैठक मारून एका दिवसात वाचला. दुसऱ्या दिवशी मामीकडे गेली. मीही होते. आईला वाईट सांगायची सवय नाही, म्हणून बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिली.

"वहिनी, मधला भाग मला फार आवडला. ती रांगेत दोन दिवस उभी असते तो. मी कधी असं वाचलं नव्हतं." मग थांबून, "पण शेवट नीट नाही झाला."

"माहीत आहे," मामी म्हणाली. "दमले होते."

"मग सुधारा ना आता. आता काही घाई नाही."

"बघू." तिनं कपबशा उचलल्या. "वसतिगृहाचे पडदे जाऊ देत आधी."

ते पडदे गेले. त्यानंतर एका दवाखान्याचे आले, मग कुणाच्या नव्या घराचे. शेवट आहे तसाच आहे. मामाच्या दुसऱ्या हातातली शीर तयार झाली, मानेतली नळी निघाली, पुन्हा दोन सुया, पुन्हा एक हात बांधलेला. आणि मामी आता त्या स्टुलावर फोनही बघत नाही आणि आकडेही बघत नाही. ती झोपते. छोट्या सिस्टरनं तिला पाठ टेकायला एक जुनी खुर्ची मिळवून दिली आहे आणि जास्तीचं ब्लँकेट.

बाइंडिंग केलेली प्रत मामा डायलिसिसला घेऊन जायचा, ती सरांनी वाचायला मागितली. त्यांना वाचायला बरेच आठवडे लागले, कारण एका हातानं पान उलटावं लागतं. गेल्या शनिवारी त्यांनी ती मिटून पोटावर ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "झोपून उठल्यावर ती कुठे जाते?"

मामी अर्धवट झोपेत होती. "माहीत नाही हो सर. मी पण तिथेच झोपले."

सरांचं समाधान झालं नाही. गणिताचा माणूस, उत्तर अर्धं सोडलेलं त्यांना चालेना. ते मामाकडे वळले. "तुम्ही सांगा. घाट उतरली, गाडी रिकामी आहे. पुढे काय?"

"रिकामी गाडी कुणी पळवत नाही," मामा म्हणाला. "आधी माल बघायचा. घाटाखाली एक फाटा असतो, तिथे भाजीवाल्यांच्या गाड्या भरतात. तिथे चौकशी करायची. पण पहाटे जायचं, उन्हं वर आली की माल संपतो..."

मामीनं थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं. "भाजी नको," ती पुटपुटली. "सडते." मग ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि तिचा श्वास जड झाला. मामानं आवाज खाली आणला आणि सरांना फाट्यापासूनचा रस्ता सांगायला लागला.